सोबतीला

वयाच्या आठव्या वर्षी मला आयुष्यातले पहिले काम मिळाले, आणि ते झोपण्याचे होते. साल १९७९. वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाडीत, आमच्या घरापासून चार कुणगे, म्हणजे भातशेतीचे तुकडे, ओलांडले की एका काकींचे घर लागे. काका मुंबईला गिरणीत कामाला होते. गणपतीला आठ दिवस आणि मे महिन्यात जमलेच तर पंधरा दिवस, एवढेच त्यांचे गावात येणे. सासू वारल्यापासून त्या घरात काकी एकट्याच होत्या. दिवेलागणीला त्या आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन उभ्या राहत आणि आजीला विचारत, "आज राती चेडवाक वांगडाक धाडशात?" आजी मान डोलवी. मग मी जेवून, गोधडी काखोटीला मारून, काकींच्या कंदिलामागून शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, तोल सांभाळत सोबतीला जाई. सकाळी निघताना हातावर गुळाचा खडा मिळे आणि हंगाम असला तर चुलीत भाजलेले काजूगर. अशा सोबतीला जाणाऱ्या मुली वाडीत आणखी तीन होत्या, कारण अर्ध्या वाडीचे पुरुष मुंबईला होते. कोकण मनिऑर्डरीवर जगत होते असे म्हणतात. त्या मनिऑर्डरींच्या मागे किती बायका किती रात्री एकट्या निजल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आज त्या कामाचे हसू येते. समजा खरोखरच चोर आला असता, तर आठ वर्षांच्या मुलीने काय केले असते? बहुधा काकींच्या आधी मीच भोकाड पसरले असते. शिवाय मी जागीही नसे. गोधडीत शिरले की पाच मिनिटांत माझा डोळा लागे, तो थेट कोंबडा आरवल्यावर उघडे. तरीही काकी सकाळी म्हणत, "आज बरी नीज लागली." रक्षण, मदत, गप्पा यांपैकी काहीही मी त्यांना दिले नव्हते. त्या खोलीत माझा श्वास चालू होता, एवढेच.

सोबत हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यात काय भरले आहे हे लक्षातच येत नाही. रात्री पाखाडी चढताना पुढे कोणी अनोळखी माणूस चालत असला, तर घरी आल्यावर आपण सांगतो, "वाटेत सोबत झाली." त्या माणसाशी आपण एक अक्षर बोललेलो नसतो. त्याचा चेहराही पाहिलेला नसतो. मग झाले ते नेमके काय? आठव्या वर्षी मला हा प्रश्न पडला नाही. तो पडला बेचाळीस वर्षांनी, १६ मे २०२१च्या रात्री.

त्या वर्षी एप्रिलमध्ये कौले परतून घेण्यासाठी म्हणून मी मुंबईहून गावी आले आणि टाळेबंदीत तिथेच अडकले. आईवडील जाऊन बरीच वर्षे झाली होती, भावाला येता येत नव्हते, आणि ज्या घरात एकेकाळी चौदा माणसे जेवायला बसत त्या घरात मी एकटी होते. दिवसा त्याचे काही वाटत नसे. रात्रीही ओटीवर विजेचा दिवा जळत ठेवला की वेळ निभावून जाई. तो रविवार उजाडला आणि तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे सरकू लागले. दुपारपर्यंत विजेचे खांब आडवे झाले होते आणि फोनला रेंज उरली नव्हती. मागीलदारचा एक माड मुळासकट उपटून गोठ्यावर कोसळला. गोठा रिकामा होता, हे नशीब. संध्याकाळी माळ्यावर चढून मी जुना कंदील शोधून काढला, काच राखेने पुसली, वात कातरली, आणि फळीवरच्या बाटलीत तळाशी राहिलेले रॉकेल त्यात ओतले. ते पुरवून वापरायला हवे, या हिशेबाने अकराच्या सुमारास मी कंदील विझवला आणि ओटीवरच्या खिडकीपाशी बसले.

अक्षय्य तृतीया होऊन दोनच दिवस झाले होते, तेव्हा चंद्राचा फारसा आधार नव्हता, आणि जो काही होता तो ढगांनी गिळला होता. पहिली काही मिनिटे डोळ्यांपुढे नुसते काळे होते. मग हळूहळू खळ्याची कड दिसू लागली, तुळशीवृंदावन दिसू लागले, आणि त्याच्या उजव्या अंगाला, विहिरीजवळ, कोणीतरी वाकून उभे असलेले दिसले. मी त्याच्याकडे रोखून पाहिले, तर ते नाहीसे झाले. नजर तुळशीकडे वळवली, तर ते पुन्हा आले. असे पाच-सहा वेळा झाले. मुंबईत पंचवीस वर्षे मुलांना जीवशास्त्र शिकवलेली बाई मी. तो विहिरीवरचा मोडका रहाट आहे हे मला ठाऊक होते, आणि तरीही माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते.

यात भुताचा संबंध नव्हता, दोष माझ्या डोळ्यांच्या घडणीचा होता. दृष्टिपटलावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. उजेडात काम करणाऱ्या आणि रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी सुमारे ६० लाख, आणि अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी. अंधारात शिरल्यावर दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. त्यांतले प्रकाशाने विरलेले रंगद्रव्य तेवढ्या अवधीत पुन्हा भरून येते. मात्र जिथे आपली नजर रोखली जाते त्या दृष्टिपटलाच्या ऐन मध्यबिंदूवर दंडपेशी मुळीच नसतात. त्यामुळे मिट्ट काळोखात एखाद्या अंधूक वस्तूकडे थेट पाहिले की ती विरते, आणि नजर जरा बाजूला नेली की परत उमटते. "सरळ बघितले तर ते नसते, डोळ्याच्या कोपऱ्यात मात्र असते," असे भूत पाहिलेल्या माणसांकडून आपण ऐकतो आणि त्यांना खोटे ठरवतो. ती माणसे खोटे बोलत नसतात. त्यांनी जे पाहिले ते जसेच्या तसे सांगितलेले असते. डोंगरावरून चालत गेलेल्या भुतांच्या दिव्यांचेही तसेच. भोवती काहीच दिसत नसताना एकच स्थिर ठिपका टक लावून पाहत राहिले, तर तो आपोआप हलू लागल्याचा भास होतो. डोळ्याला तो कशाच्या आधाराने मोजावा हे कळत नाही, म्हणून डोळ्याची स्वतःचीच चळवळ त्याला दिव्याची वाटू लागते.

चकवा तर आमच्याकडे प्रत्येक घरात कोणा ना कोणाला लागलेला असतो. माझ्या आजोबांना लागला होता. दशावताराचा खेळ पाहून परतताना, रोजच्या वहिवाटीच्या, कातळाच्या सड्यावर ते पहाटेपर्यंत फिरत राहिले आणि उजाडल्यावर पाहतात तो ज्या करवंदीच्या जाळीपासून निघाले तिथेच उभे. २००९ साली जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात सरळ रेषेत चालायला सांगून त्यांच्या वाटा उपग्रहाच्या साहाय्याने नोंदवल्या. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. तो ढगाआड जाताच गोल फिरू लागली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधून चालवले तेव्हा काहींनी तर अवघ्या वीस मीटर व्यासाची वर्तुळे काढली. आजोबा हयात असते तर मी त्यांना हे वाचून दाखवले असते. त्यांनी बहुधा विडी पेटवून म्हटले असते की, तिकडेही चकवा आहे म्हणायचा.

पण डोळे फसतात एवढ्याने भीतीचा उलगडा होत नाही. मृगजळही डोळ्यांना फसवते, त्याला कोणी भीत नाही. अंधारात फसलेले डोळे नेमके वाकलेला माणूसच का दाखवतात, वाकलेला माड का दाखवत नाहीत? आणि डोळे मिटून घेतले, तरी कान का टवकारलेले राहतात? त्या रात्री वाऱ्याचा जोर ओसरल्यावर घर बोलू लागले. दिवसभर भिजलेले वासे मध्येच कडकन वाजत. एखादी अर्धवट तुटलेली झावळी माडावरून सुटून धप्पकन खळ्यात पडे. पुढे मध्यरात्रीनंतर कौलांवर पावले वाजली. दबकत, थांबत थांबत, पायवणीकडून कोन्याकडे. तो कांडेचोर होता, म्हणजे उदमांजर. लहानपणापासून मी तो आवाज ओळखते. फणस पिकायच्या दिवसांत तो रोज येतो. ओळखीचा आवाज ओळखूनसुद्धा माझे अंग दचकले ते दचकलेच.

अंग दचकण्याचाही अभ्यास झालेला आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले की, अचानक झालेल्या मोठ्या आवाजाला माणूस उजेडापेक्षा अंधारात अधिक जोराने दचकतो. त्याच वर्षी उंदरांवरचा असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि त्यात नेमके उलट दिसले: उंदीर झगझगीत उजेडात जास्त दचकतात. उंदीर निशाचर असल्यामुळे त्याचा शत्रू त्याला उजेडात गाठतो. आपण दिवसाचे प्राणी, आपला शत्रू आपल्याला रात्री गाठत आला. मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो, त्याला अमिग्डला म्हणतात, आणि धोक्याची पहिली घंटा तो वाजवतो. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या, २३ जणांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की नुसता उजेड पडला तरी या भागाची हालचाल मंदावते. म्हणजे तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून, पोरांना ओळीने बसवून शुभंकरोती आणि परवचा म्हणून घेणाऱ्या बाया दिवसातल्या अगदी नेमक्या घडीला नेमके काम करत होत्या.

हा शत्रू कल्पनेतला नव्हता, हे सांगायला हवे. टांझानियात १९८८ ते २००९ या काळात सिंहांनी एक हजारांहून अधिक माणसांवर हल्ले केले. क्रेग पॅकर या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या हल्ल्यांच्या तारखा चंद्राच्या तिथीशी ताडून पाहिल्या, तेव्हा असे निघाले की सर्वाधिक हल्ले पौर्णिमेनंतरच्या लगतच्या दिवसांत, सूर्यास्तानंतरच्या काळोख्या तासांत झाले होते. पौर्णिमेला सिंहाला शिकार नीट साधत नाही. पुढच्या दिवसांत चंद्र उशिरा उगवू लागला की तो भुकेलेला असतो आणि माणसे अजून घराबाहेर वावरत असतात. आमच्याकडे सिंह नाही, पण बिबट्या आहे. त्याला आम्ही सरसकट वाघच म्हणतो. त्याहून खरे भय पायाखालचे. फुरसे, घोणस, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावून गेलेली कळतही नाही अशी मण्यार, ही सगळी रात्रीची मंडळी. विंचवाचेही तेच. महाडच्या परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर उपचार शोधण्यात उमेदीची वर्षे घालवली, कारण विंचू चावून माणसे, विशेषतः लहान मुले, खरोखर दगावत होती. काळोखात पाय टाकताना जीव घाबरतो त्यात भित्रेपणा कसला?

तरीही, खरे सांगते, खिडकीशी बसले असताना माझ्या मनात ना वाघ होता ना मण्यार. दार लावलेले होते, पाय खाटेवर घेतलेले होते. मला जे वाटत होते त्याला भीती हा शब्दसुद्धा नीट बसत नाही. आत काहीतरी सारखे मोजत होते की या घरात माझ्याशिवाय कोणी नाही, शेजारच्या घराला तीन वर्षे कुलूप आहे, आणि मी डोळे मिटले तर मग या क्षणी जागे कोण असणार?

हा प्रश्न मनात उमटला आणि मला आजीचा खोकला आठवला. आजी माजघराच्या दाराशी निजे. तिची झोप इतकी सावध होती की मांजराने मडके हलवले तरी "शुक" म्हणे. मध्येच उठून चुलीतल्या राखेत पुरून ठेवलेला विस्तव धड आहे ना ते पाही, मागीलदारी जाऊन येई, परत येताना कोणा पोराचे पांघरूण सारखे करी आणि खोकत आडवी होई. आजोबा ओटीवर. त्यांची पहिली विडी तीनला पेटे. आमच्या घरातले काका रात्री बाराला बाजारातून येत, आत्या पहाटे चारला उठून पाणचूल पेटवी. बालपणी एखाद्या रात्री मला जाग आली आणि काळोखाने गुदमरल्यासारखे झाले, की अंधारातूनच आवाज येई, "नीज गो बाय, मी जागी आसंय." खोकला किंवा हे चार शब्द, त्यापलीकडे मला काही लागत नसे.

पुढे टांझानियातल्याच हाडझा लोकांविषयी वाचताना मी आजीला ओळखले. हाडझा आजही शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून राहतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या ३३ जणांच्या मनगटांवर झोप मोजणारी उपकरणे बांधली आणि वीस दिवस नोंदी घेतल्या. दोनशेवीस तासांच्या नोंदीत सगळेच्या सगळे एकाच वेळी गाढ झोपलेले आहेत असा वेळ भरला फक्त अठरा मिनिटे. पहारा कोणी नेमलेला नव्हता. तरुण उशिरा झोपत, म्हातारे लवकर उठत आणि मध्ये मध्ये जागे होत. त्या वेगवेगळ्या झोपांतून पहारा आपोआप विणला जात होता. संशोधकांचे म्हणणे असे की म्हातारपणी झोप कमी होते हा बिघाड नसावा; टोळीच्या राखणीसाठी निसर्गाने ठेवलेली ती सोय असावी. आमच्या घरी डॉक्टरांनी आजीला झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. तिने त्या कधी घेतल्या नाहीत.

मला वाटते, अंधाराची भीती आणि एकटेपणाची भीती अशा दोन भीती नाहीतच. चौदा माणसांच्या घरात अंधार आजच्याहून कितीतरी दाट होता. वाडीत वीजच नव्हती. एकटेपणाही दिवसा भिववत नाही. दोन्ही एकत्र आले की आपल्या वाटणीचा पहारा आपल्यावरच येऊन पडतो, आणि एकटा माणूस जागा आणि झोपलेला एकाच वेळी असू शकत नाही. शरीर मात्र तसा प्रयत्न करून बघते. परक्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हा सर्वांचाच अनुभव. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने दाखवून दिले की त्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि बारीकशा आवाजालाही प्रतिसाद देत राहतो. घरात दुसरे कोणी नसले की मेंदूचा अर्धा भाग असा आजी होऊन बसतो.

आमच्या मुलखाने ही राखण देवांवरही सोपवली आहे. कोकणातल्या भुतांच्या याद्या सगळ्यांना पाठ असतात: मुंजा, खवीस, झोटिंग, हडळ, गिऱ्हा. त्यांच्या कथा सांगून शहरातल्या पाहुण्यांना घाबरवणे हा आमचा मे महिन्यातला जोडधंदाच आहे. पण राखणदाराविषयी फार कोणी बोलत नाही. देवचार गावाच्या सीमेवरून रात्री फिरतो, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. चुकलेल्या वाटसरूला तो घरापर्यंत पोचवतो असे सांगतात. आरवलीचा वेतोबा रात्री गावात फेरी मारतो अशी श्रद्धा आहे. नवस फेडणारे त्याच्यासाठी भल्यामोठ्या चपला वाहतात, आणि त्या चपलांचे तळ झिजलेले दिसतात असे भाविक सांगतात. लहानपणी त्या चपला पाहून मी आजीला विचारले होते, देवाला झोप नाही का. ती म्हणाली, "तो निजलो तर आमी निजाचा कसा?" गाऱ्हाणे घालतानाही सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणून जे मागतो त्यात पैसाअडका थोडा आणि राखण जास्त असते. मी देवभोळी नाही, पण काळोखाला घाबरणाऱ्या माणसांनी त्याच काळोखात आपल्या बाजूचा एक जागा माणूस उभा करावा, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

बाईसाठी या हिशेबाला आणखी एक बाजू आहे, ती टाळून चालणार नाही. मुंबईत रात्री साडेदहाच्या लोकलमध्ये महिलांचा डबा रिकामा असतो तेव्हा भीती वाटते. त्यात एक पुरुष चढला तर ती कमी होत नाही, वाढते. तिथे जागे कोणी असणे पुरेसे नाही, ते आपल्या बाजूचे असावे लागते. गावातल्या काळोखात उलट, कुठूनही माणसाचा खोकला ऐकू आला तरी मला बरे वाटले असते. पन्नाशीतल्या बाईला अंधारात भूत परवडते आणि माणूस परवडत नाही, हे मी कितीदा विनोदाने बोलले आहे. त्या रात्री मला तो विनोद आठवला, पण हसू आले नाही.

रात्रीचा एकटेपणा त्या महिन्यात सगळीकडेच पसरला होता. ओळखीची माणसे दवाखान्यात एकटी दाखल होत होती. कोणी गेल्याची बातमी फोनवर आली की तो कसा गेला याच्या आधी सांगितले जाई, "शेवटी जवळ कोणी नव्हते." २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेने केलेल्या प्रयोगात दहा तास माणसांपासून पूर्ण तोडून ठेवलेल्या लोकांना नंतर माणसांची चित्रे दाखवली, तेव्हा त्यांच्या मध्यमेंदूत जी हालचाल झाली ती दहा तास उपाशी ठेवलेल्या माणसाला अन्नाचे चित्र दाखवल्यावर होते तशीच होती. भूक हा शब्द आपण सोबतीसाठी वापरत नाही. वापरायला हरकत नव्हती.

त्या रात्री तासा-दोन तासांतच मी हार मानली. रॉकेलचा हिशेब सोडला, कंदील पुन्हा पेटवला, वात अगदी बारीक केली आणि तो खिडकीत ठेवून भिंतीला टेकून बसले. झोप आली नाही, पण विहिरीजवळचा माणूस निघून गेला. सोमवारी पाऊस थांबला नाही. सोमवारी रात्री आणि मंगळवारी रात्रीही मी तसाच कंदील खिडकीत ठेवला आणि पहाटेपर्यंत जागीच राहिले. चार कुणग्यांपलीकडे काकी एकट्याच आहेत हे मला माहीत होते. काका जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, आणि पुढे झालेले दोन्ही मुलगे मुंबईलाच होते. पण कोरोनाच्या भीतीने मुलांनी त्यांना फोनवर बजावले होते की कोणालाही घरात घ्यायचे नाही. शिवाय ऐंशीच्या घरातल्या बाईला जाऊन, मला एकटीला निजायला भीती वाटते, सोबतीला या, असे सांगण्याची मला लाज वाटत होती.

बुधवारी सकाळी ऊन पडले. मेरा फुटल्या होत्या. मी चिखल तुडवत काकींच्या खळ्यात जाऊन तोंडाला पदर लावून लांब उभी राहिले. त्या ओटीच्या पायरीवर बसून कंदिलाची काच पुसत होत्या. वादळाची, पडलेल्या माडांची, उडालेल्या कौलांची बोलणी झाली. मग मी विचारले, रात्री एकट्याच होता, भीती नाही का वाटली?

"भियाक कित्याक?" त्या म्हणाल्या. "तुझो कंदील दिसत होतो मगे. पैल्या राती मधी विझलो, तेवा मात्र मी उठान बसलंय. परत लागलो, तेवा निजलंय."

मला काय बोलावे ते सुचेना. त्यांनी काच उजेडात धरून पाहिली, एक डाग पुन्हा राखेने घासला आणि आत जाऊन एक बाटली घेऊन आल्या. ती त्यांनी खळ्याच्या मध्यावर ठेवली आणि मागे सरकून परत पायरीवर बसल्या.

"रॉकेल आसा. आजच्या राती पुरात," त्या म्हणाल्या. "व्हर."